ट्रेलर ओढायला एकच इलेक्ट्रिक पिकअप पुरेल का?

रोजच्या धावपळीला एक छोटी गाडी आणि ट्रेलर ओढायला एक जुना पेट्रोल पिकअप, अशी जोडी अमेरिकेत कितीतरी घरांसमोर दिसते. पिकअप वर्षातले बरेच दिवस नुसता उभा असतो, तरी त्याचा विमा, रजिस्ट्रेशन, टायर आणि ऑइल चेंज काही सुटत नाही. मग दोन्ही विकून एक इलेक्ट्रिक पिकअप घ्यावा असं वाटतं. आठवडाभर ऑफिस आणि शाळा, सुट्टीत कॅम्पर (ट्रेलरवरचं फिरतं घर) किंवा बोट. हा बेत जमू शकतो आणि छान जमू शकतो, पण कोणाला जमेल हे ब्रोशरवरच्या टोइंगच्या आकड्यावरून कळत नाही. माझं ठाम मत आहे की पिकअप रोजच्या वापराकडे बघून निवडावा आणि ट्रेलर त्या पिकअपला झेपेल असा ठेवावा. आधी मोठा ट्रेलर डोक्यात पक्का करून त्याला जुळणारा इलेक्ट्रिक ट्रक शोधायला निघालं की हिशेब फसतो.

पहिली चाचणी ट्रकची नाहीच, घरच्या कॅलेंडरची आहे. दोन गाड्यांची एक झाली की एकाच वेळी दोन ठिकाणी जाता येणार नाही, मग बॅटरी कितीही मोठी असो. सात-आठ आठवडे फ्रिजवर कागद लावा आणि दोन्ही गाड्या एकाच वेळी घराबाहेर होत्या असा प्रत्येक प्रसंग लिहा: किती वाजता, किती वेळ, आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीने, बसने किंवा सायकलने भागलं असतं का. आठवड्यातून एखाददुसरा प्रसंग असेल तर तोडगा निघतो. रोज सकाळी दोघांना दोन दिशांना जायचं असेल तर पुढचं वाचण्याआधी तो प्रश्न सोडवावा लागेल. शिवाय टेप घेऊन गॅरेज मोजा. फोर्ड एफ-१५० लाइटनिंगची लांबी २३२.७ इंच आहे, रिव्हियन आर१टीची २१७.१ इंच. २० फूट खोल गॅरेज म्हणजे २४० इंच. लाइटनिंग आत गेला की पुढे-मागे मिळून सात इंच उरतात, आणि भिंतीवरचं शेल्फ किंवा ट्रेलर जोडायच्या हिचमधून बाहेर आलेला बॉल तेवढीही जागा खातो. दोन आरसे धरून पूर्ण आकाराच्या पिकअपची रुंदी आठ फुटांच्या दाराला टेकते.

आता टोइंगचे आकडे. लाइटनिंगचं कमाल रेटिंग १०,००० पौंड आहे, पण त्यासाठी मोठी बॅटरी आणि मॅक्स ट्रेलर टो पॅकेज दोन्ही लागतात. पॅकेज नसेल तर मोठ्या बॅटरीचा लाइटनिंगही ७,७०० पौंडांवर थांबतो. वापरलेला ट्रक घेणाऱ्यांनी हे नीट तपासावं, कारण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. रिव्हियन आर१टी आणि टेस्ला सायबरट्रक ११,००० पौंड सांगतात, शेव्हरोले सिल्व्हराडो ईव्हीची काही मॉडेल १२,५०० पर्यंत जातात. हे आकडे खोटे नाहीत. अशा रेटिंगसाठी एसएई जे२८०७ हे मानक वापरतात. त्यात ट्रेलर जोडून, एसी चालू ठेवून, ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ ठरलेल्या किमान वेगाच्या खाली न येता चढावा लागतो. इलेक्ट्रिक मोटरला हे काम सोपं जातं. पण चढ संपला की चाचणीही संपते. पुढचा चार्जर किती लांब आहे याच्याशी रेटिंगचा संबंध नाही, आणि मागच्या सीटवर कोण बसलंय याच्याशीही फारसा नाही. मानकात पुढच्या सीटवरची प्रत्येकी १५० पौंडांची दोन माणसं आणि थोडं सामान धरलेलं असतं.

म्हणून कुटुंबाचं गणित अडतं ते पेलोडवर, म्हणजे ट्रकवर चढवता येणाऱ्या एकूण वजनावर. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर टायर आणि लोडिंगचं स्टिकर असतं. त्यावर माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको असं लिहिलेलं असतं. तो आकडा त्या एका ट्रकचा असतो. त्याच मॉडेलच्या महागड्या आवृत्तीत सनरूफ, मोठी चाकं आणि जाड सीट आली की तो कमी होतो. बॅटरीचं वजन आधीच ट्रकच्या पोटात असल्यामुळे इलेक्ट्रिक पिकअपचा पेलोड बहुतेक वेळा १,५०० ते २,००० पौंडांच्या आसपास असतो. ट्रेलरचं टंग वेट, म्हणजे हिचच्या बॉलवर येणारा भार, याच पेलोडमधून वजा होतो.

एक उदाहरण मांडू. भरलेला कॅम्पर ७,००० पौंडांचा आहे. कॅम्परचं टंग वेट एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवं. त्याहून कमी असेल तर ट्रेलर मागे साप चालल्यासारखा डोलू लागतो. मधला साडेबारा टक्के धरला तर ८७५ पौंड. टंगचा भार ट्रकच्या पुढच्या चाकांवरही वाटणाऱ्या वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे ९०. दोन मोठी माणसं आणि दोन मुलं ५२०, चाइल्ड सीट ५०, मागच्या बेडमध्ये कूलर, सायकली आणि लाकडं २००. बेरीज १,७३५. स्टिकरवर १,६०० लिहिलं असेल तर ट्रक १३५ पौंड जास्त भरला, आणि १०,००० च्या रेटिंगपैकी फक्त ७,००० वापरले म्हणून सगळे निश्चिंत! हेच कुटुंब ५,००० पौंडांचा कॅम्पर घेऊन निघालं तर टंग वेट ६२५ होतं, बेरीज १,४८५ वर येते आणि काम होतं.

कॅम्परच्या ब्रोशरवरचं वजन कोरडं असतं, त्यावर भरवसा ठेवू नका. पाण्याचा गॅलन ८.३ पौंडांचा, म्हणजे ४० गॅलनची टाकी ३३२ पौंड. २० पौंडी प्रोपेनचे दोन भरलेले सिलिंडर सुमारे ७५ पौंड, आणि ते बरोबर टंगवर बसतात. त्याच्या शेजारी बॅटऱ्या. भांडी, गाद्या, खुर्च्या, होज पाइप, लेव्हलिंगचे ठोकळे असं करत करत काही शे पौंड सहज चढतात. हिशेबाला ट्रेलरच्या प्लेटवरचं कमाल वजन धरावं, आणि एकदा सगळं भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे वजनकाट्यावर, जावं.

काट्यावर तीन वेळा वजन करा. पहिल्यांदा ट्रेलर जोडलेला आणि वेट डिस्ट्रिब्युशनचे बार ताणलेले. दुसऱ्यांदा ट्रेलर जोडलेलाच, पण बार सोडलेले. तिसऱ्यांदा ट्रेलर बाजूला लावून नुसता ट्रक, त्याच माणसांसह आणि त्याच सामानासह. दुसऱ्या पावतीवरच्या ट्रकच्या दोन्ही ॲक्सलच्या बेरजेतून तिसऱ्या पावतीचं वजन वजा केलं की खरं टंग वेट मिळतं. पहिल्या पावतीत मागच्या ॲक्सलचा आकडा चौकटीवर लिहिलेल्या मर्यादेत आहे का ते बघा, आणि पुढच्या ॲक्सलवरचा भार तिसऱ्या पावतीच्या तुलनेत किती घटला तेही. पुढचा भार फार घटला की स्टिअरिंग हलकं लागतं आणि ओल्या रस्त्यावर पुढची चाकं ऐकत नाहीत.

बार किती ताणायचे याची घरच्या घरी करायची पद्धत सोपी आहे. पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासून उंची मोजा, आधी ट्रेलरशिवाय, मग ट्रेलर जोडून बार सोडलेले ठेवून. समजा ३९ इंचांची ४० झाली. अनेक मॅन्युअल सांगतात की यातलं निम्मं अंतर परत मिळवा, म्हणजे ३९.५ पर्यंत आणा. पूर्ण ३९ वर आणायचा हट्ट धरला तर मागच्या चाकांवरचा भार गरजेपेक्षा कमी होतो आणि घसरण्याचा धोका वाढतो. एअर सस्पेन्शन असेल तर मोजताना आणि बार लावताना ते कोणत्या मोडमध्ये ठेवायचं हे मॅन्युअलमध्ये बघाच, नाहीतर ट्रक स्वतःच उंची सावरतो आणि मोजमाप निरर्थक ठरतं. वेट डिस्ट्रिब्युशन हिच वापरायचीच की नाही, हेही प्रत्येक कंपनी वेगळं सांगते. इथे जुन्या पेट्रोल ट्रकचा अनुभव उपयोगाचा नाही.

रेंजबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज वजनाबद्दल आहेत. सपाट हायवेवर रेंज खातो तो वारा. पिकअपमागे उंच चौकोनी कॅम्पर लावला की हवेला अडवणारं तोंड जवळपास अडीच-तीन पटींनी मोठं झाल्यासारखं होतं. ढोबळ हिशेब करून बघू. ६५ मैलांच्या वेगाने नुसता पिकअप मैलाला साधारण अर्धं युनिट वीज घेतो. असा उंच कॅम्पर ओढताना, ट्रक आणि ट्रेलर मिळून साडेपाच टन धरले तर, मैलाला सुमारे १.१७ युनिट लागतात. त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश निव्वळ हवा कापण्यात जातात. या कॅम्परमध्ये आणखी एक टन सामान भरलं तर सपाटीवर खर्च चार-पाच टक्केच वाढतो. उलट तेवढ्याच वजनाचा बसका ट्रेलर, ट्रकच्या सावलीत मावणारा टिअरड्रॉप (थेंबाच्या आकाराचा बुटका कॅम्पर) किंवा कमी उंचीवर लादलेला युटिलिटी ट्रेलर खूप कमी वीज घेतो. म्हणूनच ट्रेलर बदलता येत असेल तर छत खाली बसणारा पॉप-अप किंवा गोलसर तोंडाचा कॅम्पर बघा. ५०० पौंड वाचवण्यापेक्षा दोन फूट उंची वाचवलेली कितीतरी जास्त कामाला येते.

वाऱ्याचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० ने जाताना समोरून १५ मैलांचा वारा असेल तर ट्रेलरला तो ७५ सारखा लागतो आणि अवरोध ५६ टक्क्यांनी वाढतो. थंडीतही हेच. शून्याखाली १० अंशांवरची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के दाट असते. केबिन हीटरचा मात्र ट्रेलर असताना फार बाऊ करू नये; एकूण खर्चच इतका वाढलेला असतो की हीटरचा वाटा त्यात लहान होतो.

आता हे आकडे लाइटनिंगच्या मोठ्या, १३१ युनिटांच्या बॅटरीला लावू. घरून १०० टक्के भरून निघालात आणि १५ टक्क्यांवर पोचायचं ठरवलं तर हाताशी १११ युनिट आहेत. उंच कॅम्पर घेऊन ६५ ने ९५ मैल, ५५ ने १२० मैल. पुढचे टप्पे आणखी छोटे, कारण फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांच्या पुढे वेग मंदावतो आणि वाट बघण्यात अर्थ उरत नाही. १० ते ८० टक्के म्हणजे ९२ युनिट, त्यांना पाऊण तासाच्या आत-बाहेर वेळ लागतो. ६५ ने त्यात ७८ मैल जातात, ५५ ने १००. गाडी चालवण्याचा आणि चार्जिंगचा वेळ जोडला तर दोन्हींची सरासरी ताशी ४० मैलांच्या आसपासच येते! वेग वाढवून वाचलेला वेळ चार्जर परत घेतो. त्यात ट्रेलर सोडण्या-जोडण्याचा वेळ धरला, तर कमी थांब्यांमुळे सावकाश जाणाराच आधी पोचतो. ट्रेलरच्या एसटी टायरवरची वेगमर्यादा अनेकदा ६५ मैलच असते, त्यामुळे ५५ ते ६० हा वेग सगळ्याच बाजूंनी योग्य.

२०० युनिटांच्या घरातली बॅटरी असलेल्या सिल्व्हराडो ईव्हीला १० ते ८० टक्क्यांचा हाच टप्पा ६५ ने सुमारे १२० मैलांचा पडतो. मोठी बॅटरी इथे खरंच कामाला येते. मात्र ती रोज ऑफिसला जातानाही अंगावर वागवावी लागते, आणि घरी भरायलाही जास्त वेळ लागतो.

चढाचं गणित वेगळं. तिथे वजनच सगळं ठरवतं. साडेपाच टन १,००० मीटर वर न्यायला, मोटरमधली तूट धरून, १७ युनिट लागतात आणि ते सपाट रस्त्याच्या खर्चावर जादा असतात. उतरताना रिजनने, म्हणजे वेग कमी करताना मोटरनेच वीज परत बनवल्याने, त्यातले निम्म्याहून जास्त परत मिळतात, पण बॅटरीत जागा असेल तरच. कॅम्पग्राउंड डोंगरावर असेल तर तिथून १०० टक्के भरून निघू नका. दहा-पंधरा टक्के जागा ठेवा. भरलेल्या बॅटरीत रिजन जवळपास बंद होतं आणि सगळा भार ब्रेक पॅडवर येतो, तोही नेमका दिवसातल्या सर्वात लांब उतारावर.

ब्रेकबद्दल आणखी एक गोष्ट जपायला हवी. एक पेडल मोडमध्ये पाय उचलला की ट्रक रिजनने मंदावतो, पण ट्रेलरचे ब्रेक लागतात की नाही हे ट्रकप्रमाणे बदलतं. काहींत ब्रेक पेडल दाबल्यावरच ट्रेलरला इशारा जातो. मग ट्रेलर ट्रकला मागून ढकलत राहतो. कोरड्या रस्त्यावर हे जाणवतही नाही. बर्फावर किंवा ओल्या पानांवर वळणात असं झालं तर ट्रेलर आणि ट्रकची घडी होऊ शकते. रिकाम्या सपाट पार्किंगमध्ये २० च्या वेगाने पाय उचलून बघा, ट्रेलरचा धक्का पाठीला जाणवतो. तसं असेल तर निसरड्या रस्त्यावर रिजन कमी ठेवा आणि पेडल वापरा.

ब्रेक कंट्रोलरचा गेन, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागावेत ते, लावायची रीत नेहमीचीच आहे. कोरड्या सपाट रस्त्यावर २० ते २५ च्या वेगाने फक्त ट्रेलरच्या ब्रेकची हाताची कळ पूर्ण दाबायची. ट्रेलरची चाकं लॉक होईपर्यंत गेन टप्प्याटप्प्याने वाढवायचा आणि मग थोडा खाली आणायचा. ट्रेलर रिकामा असताना लावलेला गेन भरलेल्या ट्रेलरला पुरत नाही, आणि भरलेल्याचा रिकाम्याला जास्त होतो. ब्रेकअवेची, म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी, केबल सेफ्टी चेनला अडकवू नका. ती ट्रकवरच्या वेगळ्या जागेला हवी. ब्रेकअवेची १२ व्होल्टची बॅटरी ट्रेलरवरच असते आणि ती उतरलेली असेल तर ऐन वेळी काहीच होत नाही. पिन ओढून ट्रेलरची चाकं अडतात का ते सीझनच्या सुरुवातीला तपासा.

घरच्या चार्जिंगवर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण एका ट्रकवर सगळं घर चालणार असेल तर सकाळी तो भरलेला असणं हाच या बेताचा पाया आहे. साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर १२ अँप मिळतात, म्हणजे १.४ किलोवॅट. १३१ युनिटांची बॅटरी २० वरून १०० टक्क्यांवर न्यायला साडेतीन दिवस. रविवारी संध्याकाळी ट्रेलर ओढून रिकाम्या बॅटरीने परत आलात तर सोमवारचं काय? २४० व्होल्टवर ४८ अँपचा चार्जर ११.५ किलोवॅट देतो आणि तेच काम दहा तासांत होतं. याहून मोठा ८० अँपचा चार्जर १०० अँपची लाइन मागतो. तेवढी गरज सहसा नसते.

चार्जिंग हा तासन्‌तास चालणारा भार असल्यामुळे लाइन सव्वापट क्षमतेची लागते, म्हणून ४८ अँपसाठी ६० अँपचा ब्रेकर. इथे एक चूक फार वेळा होते. घरगुती रोमेक्स प्रकारची ६ गेजची तांब्याची केबल ६० च्या ब्रेकरला लावून मोकळे होतात. नियमाने तिची क्षमता ५५ अँप धरली जाते, आणि ४८ च्या सव्वापट ६० होतात. ४८ अँपला एकतर ४ गेजची रोमेक्स हवी, नाहीतर कंड्युइटमधून ६ गेजच्या सुट्या वायर. इलेक्ट्रिशियनचं कोटेशन घेताना केबलचा प्रकार आणि गेज लिहून घ्या. दुसरी गोष्ट सॉकेटची. १४-५० चं (२४० व्होल्ट, ५० अँपचं) स्वस्त घरगुती सॉकेट इलेक्ट्रिक शेगडीसारख्या अधूनमधून चालणाऱ्या कामाला ठीक आहे. रोज रात्री ४० अँप दहा तास ओढले की त्याच्या स्प्रिंगा सैल पडतात, संपर्क तापतो आणि प्लास्टिक वितळतं. औद्योगिक दर्जाचं सॉकेट घ्या आणि त्याचे स्क्रू टॉर्क पान्याने आवळा. त्याहून बरं म्हणजे सॉकेट टाळून चार्जर थेट जोडून घ्या. घराचं पॅनेल १०० अँपचं असेल तर नवीन पॅनेलची घाई करू नका. घरातला एकूण भार बघून आपणहून करंट कमी करणारे चार्जर मिळतात.

कॅम्पग्राउंडच्या खांबावर ५० अँपचं १४-५० आणि ३० अँपचं टीटी-३० अशी दोन सॉकेट असतात. कॅम्पर ३० चा असेल तर तो तिथे लावून ५० वर ट्रक लावता येतो. ३२ अँपच्या पोर्टेबल चार्जरने बारा तासांत ८० युनिटांच्या आसपास मिळतात, म्हणजे परतीच्या प्रवासाचा मोठा भाग. आधी ऑफिसात विचारा. काही ठिकाणी परवानगी नसते, काही ठिकाणी वेगळे पैसे घेतात. उन्हाळ्यात सगळ्यांचे एसी चालू असताना खांबावरचा व्होल्टेज उतरतो. २४० चे २१६ झालेले दिसले तर ट्रकच्या स्क्रीनवरून करंट २४ अँप किंवा त्याखाली आणा. सकाळी शेजाऱ्याचा ब्रेकर पडलेला नको.

खांबच नसेल तिथे उलटा प्रवाह उपयोगी पडतो. लाइटनिंगच्या काही मॉडेलमध्ये ९.६ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर घेता येते. कॅम्परचा १३,५०० बीटीयूचा एसी चालताना दीड किलोवॅटच्या आसपास घेतो. रात्रभर थांबत थांबत चालला तर आठ-दहा युनिट, म्हणजे टोइंगचे तेवढेच मैल. हा हिशेब दुसऱ्या दिवशीच्या टप्प्यातून वजा करूनच झोपा. कॅम्पर जोडल्याबरोबर ट्रकचं आउटलेट ट्रिप होत असेल, तर बहुतेक वेळा कॅम्परच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी एकत्र आलेले असतात. ती कॅम्परची दुरुस्ती आहे.

वाटेतल्या फास्ट चार्जरचं खरं दुखणं जागेचं आहे. बहुतेक चार्जर गाडी नाक पुढे घालून उभी करायच्या पार्किंगमध्ये असतात, आणि ट्रेलरसकट सरळ आत शिरून पुढून बाहेर पडता येईल असे मोजकेच. लाइटनिंग आणि रिव्हियनचा पोर्ट डावीकडे पुढे आहे, सायबरट्रक आणि सिल्व्हराडोचा डावीकडे मागे. मागचा पोर्ट असेल तर ट्रेलर लावून पार्किंगच्या खाचेत बसणं जवळपास अशक्यच. प्रत्येक थांबा निघण्याआधी उपग्रहाच्या चित्रावर बघा: टोकाची जागा कुठली, ट्रेलर सोडून ठेवायला मोकळा कोपरा आहे का, बाहेर पडायला वळण मिळतं का. प्रत्येक थांब्याला पर्याय ठरवून ठेवा आणि तो गाठायला पुरेल एवढी बॅटरी शिल्लक असू द्या.

ट्रेलर सोडावाच लागला तर क्रम चुकवू नका. आधी ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, मग जॅक खाली, बार सैल, सात पिनांचा प्लग आणि ब्रेकअवे केबल काढायची, कपलरची (बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडाची) कडी उघडायची, जॅकने टंग बॉलच्या वर उचलायची आणि सेफ्टी चेन सर्वात शेवटी. ठोकळे न लावता कडी उघडली आणि जमीन थोडी जरी उतरती असली तर ट्रेलर निघाला.

वर्षातून एकदाच हजार मैलांची डोंगराळ सहल असेल तर तिच्यासाठी डिझेल ट्रक भाड्याने घ्या. करारात टोइंगची परवानगी आहे का ते बघून. किंवा कॅम्पर तलावाजवळच्या स्टोरेजमध्ये ठेवा, ओढायचं अंतर वीस मैलांवर येतं. दर महिन्याला अशी सहल करणाऱ्यांनी मात्र इलेक्ट्रिक पिकअप एवढ्यात घेऊ नये. त्यांचा अर्धा प्रवास चार्जरवर जाईल.

मुलं लहान असतील तर डीलरकडे चाइल्ड सीट घेऊन जा. क्रू कॅब पिकअपमध्ये सीटचा वरचा पट्टा अनेकदा मागच्या कापडी लूपमधून ओवून शेजारच्या लूपला अडकवावा लागतो. तीन सीट शेजारी-शेजारी बसवून बघितल्याशिवाय सही करू नका. हिशेबात ७,५०० डॉलरची केंद्रीय करसवलत धरू नका, ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना ती मिळत नाही. अनेक राज्यं इलेक्ट्रिक गाड्यांवर वेगळी वार्षिक फी घेतात, तीही लिहून ठेवा. टायर जड ट्रकमुळे लवकर झिजतात. पाच ते साडेसात हजार मैलांवर त्यांची अदलाबदल करा.

ट्रक घरी आला की पहिली सहल ३० मैलांच्या आत ठेवा. ट्रेलरच्या टायरमध्ये थंड असताना बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबाएवढी हवा, मिररची जुळणी, ट्रकच्या स्क्रीनवर ट्रेलरचं प्रोफाइल, आणि एका मोकळ्या हायवेवर ५५ आणि ६५ या दोन वेगांना मैलाला किती युनिट लागतात त्याची नोंद. पुढच्या सगळ्या टप्प्यांना हाच आकडा वापरा. ट्रकने दाखवलेली रेंज पहिले काही मैल जुन्या सवयीने फुगवलेली असू शकते. चाकं नुकतीच बसवली असतील तर १०, २५ आणि ५० मैलांनंतर थांबून प्रत्येक नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, आणि त्याच थांब्यांवर ट्रेलरच्या हबला हात लावून बघा. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंगमध्ये ग्रीस नाही किंवा तिथला ब्रेक घासतोय.